नुसतं पोहून हाडं बनत नाहीत गं

प्रिय मनू,

तुझं पत्र मिळालं, आणि ते "रोज पोहते, वीकेंडला सायकल, म्हणजे हाडांचं टेन्शन नाही" वाचून राहवलं नाही म्हणून लगेच लिहायला बसले. दम वाढला असेल, वादच नाही, पण हाडांचं गणित वेगळंय. पाण्यात तुझं वजन पाणीच पेलतं, सायकलवर सीट, मग हाडांवर लोड येणार कुठून? रेसिंग सायकलिस्टांच्या मणक्यांची डेन्सिटी बऱ्याचदा व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही कमी भरते, आणि अंतराळवीरांचं तर विचारूच नको, तिकडे वजनच नाही त्यामुळे खुब्याचं हाड महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का झिजतं.

हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, बारीक बारीक नळ्यांच्या जाळ्यात बसलेल्या. उडी मारून पाय जमिनीवर आपटला की हाड अगदी किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव हलतो, ते ह्या पेशींना कळतं आणि त्या स्क्लेरोस्टिन सोडायचं कमी करतात. हे स्क्लेरोस्टिन म्हणजे नवीन हाड बांधणाऱ्या पेशींना लावलेला ब्रेक. टेनिस खेळणाऱ्यांचं बघ ना, माणूस तोच, खाणं तेच, पण रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड! मला तर हा सगळ्यात भारी पुरावा वाटतो.

आणि तासभर धोपटत बसायचीही गरज नाही. त्याच त्याच धक्क्याला पेशी लवकर सरावतात, काही तास गेले की परत जाग्या होतात, म्हणून सकाळी दहा-वीस उड्या आणि संध्याकाळी परत तेवढ्याच हे एकदम शंभर मारण्यापेक्षा बरं. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचल, स्क्वॉट, डेडलिफ्ट वगैरे. हे आत्ताच कर, कारण हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंतच भरतो, नंतर आहे तेच सांभाळायचं. फक्त हळूहळू वाढव हं, एकदम जोर केलास तर नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, व्हायचं.

बाकी ते जेवण अर्धं केलंयस ते मला अजिबात पटलं नाही. एवढा व्यायाम आणि वर उपाशी, म्हणजे पाळी लांबते, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन घसरतं, मग कितीही उड्या मार, हाड झिजतच राहणार. पाळी तीन महिने आली नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझीच,
वैदू