सूचना: नवी गाडी घेतलेल्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार. दसऱ्याला ज्यांच्या दारात नवी गाडी आली, त्यांचं अभिनंदन. पेढे पोचले, आता जरा इंजिनाकडं बघा.

पहिले १,००० किलोमीटर इंजिन पिळू नका. काही कंपन्या १,५०० सांगतात. गाडीबरोबरचं पुस्तक सांगेल तेच प्रमाण. कारण पिस्टनच्या (इंजिनात वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या) रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून नीट बसायच्या असतात. त्याला भार लागतो, पण बदलता. म्हणून निपाणी-कोल्हापूर हायवेवर एकाच वेगात गाडी सोडून देऊ नका, क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगात ठेवणारी सोय) तर नकोच. पेट्रोल गाडी साधारण ३,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत ठेवा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. फार जपून चालवणंही वाईट. चोर्ला घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असेल तर गिअर खाली घ्या.

सकाळी उभ्या गाडीला रेस देत बसायची सवय सोडा. अर्धा मिनिट थांबून हळू निघा.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायची घाई सगळ्यांनाच. जावा की! पण पाचजणांच्या गाडीत आठजण कोंबू नका.

ऑइल अधूनमधून सपाट जागेवर, इंजिन गार असताना तपासा. पहिली सर्व्हिस फुकट असते, तरी बरेचजण चुकवतात. तारीख किंवा किलोमीटर, जे आधी येईल तेव्हा करून घ्या.