टिंबं मोजा, चिंच लावू नका

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतल्या जुन्या नाण्यांवरच्या लेखात दोन तोंडांच्या चेहऱ्याला ‘रोमचा राजा’ म्हटलं आहे आणि नाणं चिंचेच्या कोळाने घासायला सांगितलं आहे. दोन्ही चूक, दुसरी जास्त महागात पडणारी.

तो जेनस, दारांचा आणि आरंभाचा देव. प्रजासत्ताक रोमच्या या काशाच्या नाण्यांवर एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला गलबताचं पुढचं टोक. म्हणूनच तिथली मुलं छापा-काटा करताना ‘डोकी की गलबतं’ म्हणत. देव कोणता, ते किमतीवर ठरे. अख्खं नाणं ‘अस’, त्याचे 12 हिस्से. असवर जेनस आणि उभी रेघ, अर्ध्यावर सॅटर्न आणि ‘एस’ अक्षर. त्याहून लहान नाण्यांवर टिंबं, एक टिंब म्हणजे एक हिस्सा: 4 मिनर्व्हा, 3 सिंहाचं कातडं पांघरलेला हर्क्युलीस, 2 पंखांच्या टोपीचा मर्क्युरी, 1 रोमा. मिनर्व्हा आणि रोमा दोघीही शिरस्त्राणात, त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर गफलत ठरलेली. वजनही फसवतं. इ.स.पू. 225च्या सुमाराचं ओतीव अस पाव किलोहून जड. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असतानाच, 211च्या आसपास, ते 54 ग्रॅमवर आलं. आधीचं दोन टिंबांचं नाणंही चाळीसेक ग्रॅम भरतं. शेवटी साक्ष टिंबांचीच.

आणि चिंच नेमकी टिंबंच खाते. बारीक उठाव बहुतेकदा हिरव्या-तपकिरी थरातच टिकून असतो. आंबटाने तो विरघळला की खाली खडबडीत तांबूस धातू उरतो. देवघरातल्या समईचा न्याय इथे लागू नाही. माती काढायची तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पाणी रोज बदलावं आणि मऊ पडलेली माती बांबूच्या काडीने सोडवावी. घाई केली की थरच निघतो.

कडक, गुळगुळीत हिरवा रंग निरुपद्रवी. फिकट हिरवी, नखाने भुकटी होऊन पडणारी पुटकुळी मात्र रोग: आतलं क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करतं आणि ते धातू पोखरत जातं. असं नाणं लगेच वेगळं ठेवावं. बाकीची सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात, आर्द्रता 40 टक्क्यांखाली. पीव्हीसीचे अल्बम टाळावेत, त्यांतून चिकट हिरवा थर चढतो.

आपला,
एक वाचक