विषय: रंगाचं पाणी साफ न करणाऱ्या फायबर कार्ट्रिजबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

साकीनाक्याला माझं सुती कापड रंगवण्याचं छोटं युनिट आहे. रंगाचं पाणी तसंच गटारातून मिठी नदीत जाऊ नये म्हणून तुमच्या पॉलिप्रॉपिलीन (एक प्लॅस्टिक) धाग्याच्या गाळणी-कार्ट्रिज घेतल्या. ‘पाण्यातले सर्व सेंद्रिय रंग शोषते’ असं माहितीपत्रकावर ठळक छापलं आहे. आमचं लाल पाणी एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने लालच बाहेर आलं.

शेवटी एक कार्ट्रिज कापली. आतला धागा रात्रभर लाल पाण्यात बुडवून नळाखाली धरला, तर पुन्हा पांढराशुभ्र. मग माशांच्या टाकीत घालतात ते मिथिलीन ब्लू, हा निळा रंग, क्रॉफर्ड मार्केटातून आणलं. त्यात मात्र धागा निळा झाला, पाणी नितळ. म्हणजे माल खोटा नाही. तो आम्हाला विकायला नको होता.

तुमच्याच तांत्रिक पत्रकात बारीक अक्षरात आहे: धाग्यावर अ‍ॅक्रिलिक आम्लाचं ग्राफ्टिंग (म्हणजे ते आम्ल धाग्याला रासायनिक बंधाने जोडलेलं), चाचणी मिथिलीन ब्लूवर, तीही डिस्टिल्ड वॉटरमध्ये. त्या आम्लाच्या कार्बॉक्सिल गटांवर पाण्यात ऋण भार येतो आणि मिथिलीन ब्लू धनभारित, चिकटणारच. आम्ही सुतावर वापरतो ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र त्यांच्यातल्या सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. ते या धाग्याजवळ फिरकतील कशाला? शिवाय आमच्या पाण्यात मीठ आणि सोडा अ‍ॅश, पीएच १० च्या वर, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. तुमच्या प्रतिनिधीने यातलं एक अक्षर विचारलं नाही.

तुमचे इंजिनिअर फोनवर म्हणाले, ‘थोडं अ‍ॅसिड टाका.’ अ‍ॅसिडने कार्बॉक्सिलचा ऋण भार जाईल, पण धन भार कुठून येणार? आणि अ‍ॅसिडचे कॅन ठेवू कुठे, पोटमाळ्यावर?

क्वाटर्नरी अमोनियम गट (ज्यांचा धन भार कायम राहतो) बसवलेला धागा बदलून द्या. साधा अमाइनवाला नको, इतक्या पीएचला त्याचा धन भार टिकत नाही. आमच्याच पिंपातल्या खारट पाण्यावर चाचणी करून दाखवा, आणि धागा कधी, कशाने धुऊन पुन्हा वापरायचा तेही लेखी द्या. जमत नसेल तर कार्ट्रिजचे आणि बसवणुकीचे पूर्ण पैसे परत करा.

‘धंद्याच्या मालाला ग्राहक कायदा नाही’ असंही ऐकवण्यात आलं. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

बिलाची प्रत आणि दोन्ही धाग्यांचे नमुने सोबत जोडले आहेत.

आपली,
डाइंग युनिटची मालक
साकीनाका, मुंबई