धारेच्या आत परत

सातारा,
श्रावणातला सोमवार

प्रिय मन्या,

आज प्लँटची सुट्टी. सकाळपासून पावसानं अजिंक्यताऱ्यावर असं ठाण मांडलंय की किल्ला जागेवर आहे की नाही कळेना. फोनवर तुला दोन मिनिटांत सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतोस आणि माझं मूळ म्हणणं राहून जातं. म्हणून कागद घेतला. आबांची तब्येत कशी आहे ते आधी कळव. का विचारतोय ते शेवटी कळेल.

साहेबांनी कंपनीच्या सहलीचं माझ्या गळ्यात घातलंय. "तू सातारचा, तुला सगळं माहीत." सातारचा असल्याचा आजवर मला एवढाच फायदा झाला आहे. सहलीचं कारण तसं खरं आहे. आमचे अकरा जण पुण्याच्या ऑफिसात डिझाइन आणि सेल्स बघतात, बाकी सगळे इथं एमआयडीसीत पत्रा वाकवतात. दोघांची ओळख फोनवरची, तीही भांडणातून झालेली. पुण्याहून ड्रॉइंग येतं, त्यात भोक बेंडच्या रेषेला चिकटवलेलं असतं, पत्रा वाकला की भोक लांबुळकं होतं आणि जॉब रिजेक्शनमध्ये जातो. पुणं म्हणतं सेटिंग चुकलं, सातारा म्हणतो ड्रॉइंग चुकलं. मधल्या मध्ये मी.

साहेबांच्या डोक्यात पाचगणीचं रिसॉर्ट होतं, दोन रात्री. दोन वर्षांपूर्वी तसंच एका ठिकाणी नेलं होतं, तुला सांगितलं होतं बहुतेक. एक वक्ते आले, डोळे मिटून मागं पडायचं आणि मागच्यानं झेलायचं असा खेळ घेतला. आमच्या वेल्डरनं शेजारच्या पुणेकराला झेललं खरं, पण नंतर मला म्हणाला, "ह्यो माणूस मला नमस्कारबी करत नाय, आणि मी ह्याला झेलायचा?" रात्री डीजे लागला, तर पुण्याचे एका बाजूला आणि प्लँटचे दुसऱ्या बाजूला. पॅकिंगच्या सात बायकांपैकी दोघीच आल्या होत्या. पाच का आल्या नाहीत हे विचारायचं त्या वेळी कुणाला सुचलंच नाही, मलाही नाही.

या वेळी विचारलं. वही घेऊन एकेकाकडं गेलो. पॅकिंगच्या एका ताईंचं उत्तर सरळ होतं. "यायला काय, येते की. पण धारेच्या आत परत सोडा. म्हशीला काय सांगू, कंपनीची मीटिंग हाय म्हणून?" दुसरीच्या घरी सासू अंथरुणावर, तिसरीच्या आळीत पाणी सहाला येतं. रात्रीच्या मुक्कामाची गोष्ट तिथंच संपली. साहेबांना हे पटवायला मात्र तीन दिवस लागले.

मग माझ्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली. पुण्याच्या लोकांना दोघा-दोघांनी प्लँटच्या माणसांच्या घरी जेवायला पाठवायचं. भाकरी, भरलं वांगं, घरची ओळख, किती छान! मी ती अगदी रंगवून सांगितली. त्याच ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सहल तुमची आणि रांधायचं परत आम्हीच?" मन्या, मी वही मिटली आणि चहा सांगितला.

तारखेचा घोळ त्याहून मोठा. आमची सुट्टी सोमवारी, पुण्याची शनिवार-रविवारी. म्हणजे कुठलाही वार घेतला तरी कुणाची तरी सुट्टी खाल्ली जाते किंवा कुणाचं तरी काम बुडतं. पुण्याच्या पोरांना कास हवं होतं. बरोबरच आहे, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेल्यापासून ज्याला त्याला कास. पण फुलं येतात गणपती आणि पितृपक्षाच्या आसपास. गणपतीत प्लँट अर्धा रिकामा. पितृपक्षात प्रत्येकाच्या घरची तिथी वेगळी, स्टोअरच्या काकांची अष्टमी, फोरमनची द्वादशी, एकाची तर सर्वपित्रीच. मी तिथ्यांचा तक्ता केला होता, खरंच, एक्सेलमध्ये. शिवाय पठारावर फुलांत बसता येत नाही, सावली नाही, वर पाऊस कधीही. सीतेची आसवं आणि तेरडा बघायला माणसानं दोघा-तिघांनी जावं, गप्प राहावं. घोळक्यानं जाऊन होतं काय, तर प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये. वासोट्याचं नाव एकानं काढलं होतं. बामणोलीहून लाँच, मग जंगलातून चढ. काकांचे गुडघे बघून त्यानं ते स्वतःच मागं घेतलं.

तोडगा काढला हेल्परनं, मी नाही. म्हणाला, "खंडेनवमीला बोलवा की त्यांना. मशिनी तशाबी बंदच असत्यात." आणि माझ्या लक्षात आलं की पुण्याच्या अकरा जणांपैकी एकानंही आमची खंडेनवमी पाहिलेली नाही. ज्या मशिनवर त्यांची ड्रॉइंग चालतात, त्या मशिनला हार घातलेला त्यांनी बघितलेला नाही!

तर आता असं ठरलंय. अष्टमीला दुपारी पुण्याचे येतील. बेंडिंग मशीन चालू ठेवायचं आणि त्यांनी त्यांचंच ड्रॉइंग घेऊन एक-एक जॉब स्वतः वाकवायचा. भोक लांबुळकं झालेलं त्यांच्या हातात पडू दे. आमचा ऑपरेटर शेजारी उभा राहील, पण तोंड उघडणार नाही, असं वचन मी त्याच्याकडून घेतलंय. टिकेल असं वाटत नाही. नंतर सगळ्यांनी मिळून मशिनी पुसायच्या, तेलकट चिंध्या हातात घेऊन, साहेबांसकट. पुणेकर रात्री लॉजवर, आमचे आपापल्या घरी. नवमीला सकाळी पूजा, झेंडूच्या माळा, प्रसाद. अकराला एसटी. प्रासंगिक करारावर लालपरी घेतोय, साहेबांना एसी बस हवी होती, पण लालपरीत सगळेच सारखे हिंदकळतात. जेवण शिवारातच, आचाऱ्याच्या हातचं. नवरात्र असल्यानं मटण की शाकाहारी हा वाद आपोआप मिटला. ज्यांचे उपवास त्यांना भगर आणि दाण्याची आमटी, एकाला कांदा-लसूण चालत नाही, तेही लिहून ठेवलंय. चारला परत फिरायचं. धारेच्या आत.

एक भांडण बाकी होतं, ते मी केलं. माझ्या हातात आलेली यादी 29 जणांची होती. पुण्याचे अकरा, प्लँटचे अठरा. आमच्याकडं नऊ पोरं कंत्राटी आहेत, ती यादीत नव्हती. मशीन बंद म्हणजे त्यांची हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. म्हणजे सगळ्यांना एकत्र आणायच्या नावाखाली नऊ जण घरी, वर खिशाला चाट. साहेब म्हणाले, "त्यांचं ठेकेदार बघेल." मी म्हटलं, रिसॉर्टच्या दोन रात्री वाचल्यात, त्यातून दोन्ही दिवसांची हजेरी लावा, नाहीतर सहल दुसऱ्या कुणाकडं द्या. आवाज थोडा चढला माझा. बायकोला सांगितलं तर म्हणाली, नोकरी आहे ना अजून? आहे. यादी आता 38 ची आहे.

आणि जायचं कुठं? लिंबला, बारामोटेच्या विहिरीवर. तू शाळेच्या सहलीत तिथं चप्पल पाण्यात टाकली होतीस ती. मी गेल्या रविवारी हाफ डे टाकून पुन्हा बघून आलो. लहानपणी नुसती खोल वाटली होती. आता पत्र्याचं काम करून डोळा वेगळा झालाय. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली, 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, अष्टकोनी. आमराईला पाणी द्यायला! आत जिना उतरून गेलं की मधोमध छोटा महाल, कोरीव खांब, आणि वर एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या चामड्याच्या पिशव्या, चालतील अशी सोय. मी तिथं तासभर वर उभा राहून नुसता हिशेब करत होतो. बारा मोटांना बैलांच्या बारा जोड्या, प्रत्येकीची धाव, म्हणजे ये-जा करायची वाट, वेगळी, एकीचा दोर दुसरीत अडकून चालणार नाही, आणि पाणी पडायचं ते सगळं थारोळ्यातून, म्हणजे मोट रिकामी होते त्या हौदातून, पाटात. हे कुणी तरी आधी डोक्यात मांडलं असणार, आणि कुणी तरी दगडात उतरवलं असणार. त्या दोघांचं एकमेकांशी काय बोलणं झालं असेल, ते मला फार ऐकावंसं वाटलं. आमच्यासारखंच "भोक इथं नाही, तिथं" असं झालं असेल का?

डिझाइनच्या पोरांना आणि आमच्या ऑपरेटरना तिथं चार-चारच्या मिसळलेल्या टोळीत उभं करायचं आणि विचारायचं की हे चालत कसं असेल ते कागदावर काढून दाखवा. भाषण नाही, वक्ते नाहीत. पण खरं-खोटं ठरवायला तिथं एक माणूस हवा, ज्यानं मोट स्वतः हाकली आहे. गुगलवर चित्रं आहेत, पण बैल मागं सरकवताना कासऱ्याला हात कसा द्यायचा, मोट वर आल्यावर तिची सोंड नेमकी कधी उलगडते म्हणजे पाणी थारोळ्यातच पडतं, हे चित्रात नाही.

तर मन्या, आबांना विचार. इंजिन यायच्या आधी त्यांनी तुमच्या मळ्यात मोट हाकली आहे, मला त्यांनी एकदा ओट्यावर बसून हातवारे करून सांगितलं होतं आणि तांब्यातलं पाणी माझ्या वहीवर सांडलं होतं. सांगलीहून गाडी मी पाठवतो, आदल्या रात्री माझ्याकडं मुक्काम, पथ्यपाणी आई बघेल. तूही ये. येताना भडंग आण, 38 जणांना पुरेल एवढं, पैसे कंपनीचे, पावती घे.

आबांना फक्त 'मार्गदर्शन' हा शब्द सांगू नकोस, नाहीतर नवी टोपी घालून दोन पानं लिहून आणतील. म्हणावं, पोरांचं मोटेवरून भांडण लागलंय, सोडवायला या. आणि दोर घरात असेल तर तोही घेऊन या.

वाट बघतोय.

तुझा,
बाप्या