आप्पांनी विचारलं, "पुढं?"

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय मल्लू,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच. आप्पांची शुगर आटोक्यात आहे, बाकी बरं चाललंय. पण आज तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

धाकटीला शाळेत चांदबिबीवर बोलायचंय, म्हणून सकाळी तिला भुईकोटात नेलं. बिबीच्या लग्नात सोलापूर विजापूरकरांना आंदण गेलं, हे सांगितल्यावर पोरगी तटाला हात लावून म्हणते, "म्हणजे आपण हुंड्यात गेलो?" तू असतास तर हसून लोळला असतास.

घरी आप्पांसमोर भाषण म्हणून दाखवलं. डिसेंबर 1595, नगरला अकबराचा मुलगा शहाजादा मुराद याचा वेढा. तटाखाली सुरुंग पेरलेले. दोन आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, तिसरा उडाला आणि सुमारे 50 गज तट कोसळला. माणसं पळू लागली, तेव्हा अंगात चिलखत, तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार, अशी बाई खिंडारात येऊन उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभा केला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या, मग विचारलं, "पुढं?"

पोरीला माहीत नव्हतं. मला होतं. कट्ट्यावर याच्यावरूनच आपलं वाजलं होतं ना! तू म्हणायचास, वऱ्हाड देऊन तह केला तिथंच ती हरली. मी म्हणायचो, भावाच्या नातवाची गादी वाचली ते कोण मोजणार? आठवडाभर अबोला धरलास, शेवटी आमच्या डब्यातल्या शेंगाचटणीनं पाघळलास.

1600 साली पुन्हा वेढा पडला, तोवर किल्ल्यातच दुफळी माजलेली. गादीवरच्या पोराला आणि किल्ल्यातल्या शिबंदीला सुखरूप जाऊ द्या, किल्ला घ्या, असं बोलणं लावावं म्हणाली. बाई फितूर झाली अशी हाकाटी उठली आणि किल्ल्यातलाच हमीदखान जमाव घेऊन आत घुसला. तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, शिबंदी कापली गेली, पोरगा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तिचं ऐकलं असतं तर, मल्लू?

हे मला आप्पांसमोर बोलवेना. गिरणीच्या करारावर त्यांनी सही केली त्या रात्री आमच्या दारावर डांबरानं 'फितूर' हाच शब्द लिहिला होता. घासायला रॉकेल तू आणलंस. तुझे अण्णा समोरच्या घोळक्यात उभे होते, तरी आणलंस. त्यावर आपण आजवर बोललो नाही. भोंगा पुन्हा वाजायचा नाही, निदान थकलेला पगार आणि फंड तरी पोरांच्या तोंडी पडू दे, एवढाच आप्पांचा हिशेब होता. पैसे सगळ्यांनी घेतले. आमच्या घरचा चहा मात्र दोन वर्षं कुणी घेतला नाही.

शेवटी आप्पाच नातीला म्हणाले, "तिच्याच माणसांनी मारलं तिला, बाळ. लिही तेवढं." जेवताना मला विचारलं, "मल्लूचे अण्णा कसे आहेत रे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली? कळव. गड्ड्याच्या जत्रेला ये, जमलं तर अण्णांना घेऊन. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
शिवा