‘म्हणून’ या शब्दाचे दोन अर्थ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून दुचाकी धडकून दोन तरुण गेल्याची बातमी वाचली. बातमीचा मथळा ‘काळाचा घाला’ असा होता आणि शेवटच्या ओळीत ‘नियतीच्या मनात वेगळेच काही होते’ असे वाक्य होते. लिहिणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच होती, याबद्दल मला शंका नाही. अशा प्रसंगासाठी आपल्या भाषेने जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार ठेवले आहेत, तेच त्याने उचलले. तरीही ते वाक्य वाचल्यावर मला पुढचे पान उलटता आले नाही, आणि चार दिवस मनात घोळवून शेवटी हे पत्र लिहायला बसले आहे.

चार वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात माझा धाकटा भाऊ असाच गेला. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल करणारा, होता. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मोहोळकडून रात्री साडेनऊच्या सुमारास दुचाकीवरून घरी येत असताना, टायर फुटल्यामुळे रस्त्यातच उभी करून ठेवलेल्या ट्रॉलीवर तो आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, उजेडात चमकणारी लाल पट्टी नव्हती, धोक्याची खूण म्हणून चार दगड किंवा झाडाची एखादी फांदीसुद्धा मागे ठेवलेली नव्हती. उसाची टोके फळीच्या बाहेर हातभर आली होती. हे सर्व पंचनाम्यात लिहिलेले आहे. ती ट्रॉली कोणाची होती आणि ऊस कोणत्या कारखान्याकडे चालला होता, हे मी येथे लिहिणार नाही, कारण माझी तक्रार त्यापुरती नाही. भाऊ ४८ वर्षांचा होता.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस घरी माणसांची रीघ होती. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात दारावर येणारी माणसे तीन भाषांतून सांत्वन करतात. मराठीत ‘कपाळी लिहिलेले चुकत नाही’ म्हणतात, कानडी माणूस ‘हणेबरह’ म्हणतो आणि तेलुगू माणूस ‘तलराता’ म्हणतो. कपाळावरचे लिखाण, डोक्यावरचे लिखाण. तिन्ही भाषांनी एकच गोष्ट धरून ठेवली आहे. कोणी म्हणाले, त्याचे इथले काम संपले होते. कोणी म्हणाले, चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात. एका नातलगाने माझ्या भावजयीला, ती अजून पुरती शुद्धीवरही नव्हती तेव्हा, सांगितले की यातूनही देवाला काही चांगलेच घडवायचे असेल. ती काहीच बोलली नाही. रात्री मात्र तिने मला विचारले, “अक्का, चांगले घडवायला ह्यांनाच कशाला न्यायचे?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ज्यांनी ते वाक्य उच्चारले ते तोवर आपापल्या घरी जाऊन झोपले होते.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. त्या रात्री मला आठवला तो व्याकरणाचा तास. उभयान्वयी अव्ययांच्या प्रकरणात ‘म्हणून’ हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि परीक्षेत मुले हमखास तेथेच चुकतात. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला’ या वाक्यातील ‘म्हणून’ परिणामबोधक आहे: आधी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे दुसरी घडली. ‘चांगले गुण मिळावेत म्हणून त्याने अभ्यास केला’ या वाक्यातील ‘म्हणून’ उद्देशबोधक आहे: कोणाच्या तरी मनात आधी इच्छा होती आणि त्या इच्छेसाठी कृती झाली. शब्द तोच आणि दिसायलाही तसाच, म्हणून मुले फसतात. मी त्यांना खूण सांगत असे की उद्देश असायला कोणाचे तरी मन असावे लागते. वाक्यात ते मन सापडते का, तेवढे बघा. पावसाला रस्ता ओला करायचा नसतो.

ट्रॉलीला पट्टी नव्हती म्हणून माझा भाऊ गेला, हे वाक्य खरे आहे. आम्ही काही शिकावे म्हणून माझा भाऊ गेला, हे वाक्य खरे आहे असे मानायला मला आजवर कोणताही आधार सापडलेला नाही. पहिल्या वाक्यात दुःख आहे, पण त्यापाठोपाठ करण्यासारखे कामही आहे. दुसऱ्या वाक्यात माझ्या भावाचे मरण कोणाच्या तरी धड्यातले उदाहरण होऊन बसते.

कोणी असा समज करून घेऊ नये की मी देवाधर्माच्या विरोधात लिहीत आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मी दरवर्षी संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकायला जाते. भाऊ गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात सुतकाचे दिवस सरल्यावर यात्रा आली, तेव्हाही गेले होते. हात जोडणे वेगळे आणि देवाच्या मनातले आपल्याला कळले आहे असे दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणे वेगळे. किंबहुना श्रद्धाळू माणसानेच या दुसऱ्या गोष्टीचा अधिक संकोच बाळगायला हवा, असे मला वाटते.

याच संदर्भात मला एक जुना वाद आठवतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यता निवारणासाठी देशभर दौरा करत होते आणि त्यांनी जाहीरपणे सांगितले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे मुळीच पटले नाही. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. परंतु निसर्गातील उत्पाताचे मूळ निसर्गातच शोधले पाहिजे, असे रवींद्रनाथांनी स्पष्टपणे लिहिले. गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला आणि त्याला उत्तरही दिले. दोघांविषयी माझ्या मनात सारखाच आदर आहे, पण या एका बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. भूकंपाने अस्पृश्यता पाळणाऱ्यांना आणि ती भोगणाऱ्यांना निवडून वेगळे केले नव्हते. गांधीजींना जे काम करायचे होते ते भूकंपाशिवायही तितकेच आवश्यक होते.

आपल्या भागाला तर इतक्या लांब जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती, आणि चारच्या सुमारास घरातली भांडी वाजू लागली. आम्ही सारे रस्त्यावर आलो; दिवस उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरकडच्या भूकंपाच्या बातम्या येऊ लागल्या. त्या दिवसांत मी अनेकांच्या तोंडून ऐकले की गावांना कोणाचा तरी शाप होता, कोणाचे तरी पाप भरले होते. प्रत्यक्षात हजारो माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीचे वजनदार माळवद अंगावर कोसळल्यामुळे. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांत राहणारी माणसे त्या मानाने अधिक वाचली. ज्यांच्या घराच्या दगडी भिंती जाड, तेच अधिक गाडले गेले. शापाच्या गोष्टीने एकही भिंत सुधारली नाही. भिंत अशी का पडली, हे ज्यांनी विचारले त्यांच्यामुळे पुढची घरे वेगळ्या पद्धतीने बांधली गेली.

मला कोणी असेही विचारील की तुकोबांनी दिवाळे निघाले, दुष्काळ पडला, घरचे माणूस गेले त्याबद्दल देवाला ‘बरे झाले’ म्हटले नाही काय? म्हटले. पण ते स्वतःच्या संसाराविषयी म्हटले, आणि त्या दुःखातून पार होऊन गेल्यावर म्हटले. ते दुष्काळात पोर गमावलेल्या शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून हे वाक्य त्याला ऐकवत होते असे कोठेही सांगितलेले नाही. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यालाच त्या प्रसंगाचा अर्थ लावण्याचा अधिकार असतो, तोही त्याच्या सवडीने. आणि त्याने तो कधीच लावला नाही तरी ते त्याचे न्यून नव्हे.

माझे वडील जकार्डच्या मागावर चादरी विणत. एकदा ते प्रवचनाला गेले असता महाराजांनी नेहमीचा दृष्टांत दिला: आपल्याला वस्त्राची उलटी बाजू दिसते, गाठी आणि तुटके धागे दिसतात, सुलट बाजूची नक्षी फक्त परमेश्वराला दिसते. घरी आल्यावर वडील बराच वेळ विचार करत बसले आणि मग म्हणाले, “पण आपल्या चादरीला उलटी बाजू नसतेच की.” ते खरेच आहे. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, फक्त रंग अदलाबदल होतात. ती नक्षी आधी आलेख-कागदावर काढलेली असते, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून मागावर चढवलेली असते, आणि ती काढणारा माणूस गल्लीत राहत असतो. ताण्याचा धागा तुटला तर वडील माग थांबवत, धागा त्याला दिलेली खळ कमी पडल्याने तुटला की आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला कंगोरा आला आहे ते पाहत, गाठ मारत आणि पुन्हा माग सुरू करत. धागा कशासाठी तुटला असे त्यांनी कधी विचारले नाही.

मग भावाच्या जाण्याला काहीच अर्थ नाही काय? या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस अडले होते. आता एवढे सांगू शकते की अर्थ तेथे आधीपासून ठेवलेला नव्हता. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर, उसाचा हंगाम सुरू होताना, त्याच्या कारखान्यातले चार मित्र घरी आले आणि म्हणाले की आपण ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवू. तेव्हापासून दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला आम्ही आठ-दहा जण, त्यांत माझे काही जुने विद्यार्थी, रस्त्याच्या कडेला उभे राहतो. काम सोपे वाटते तसे नाही. फळीवरची धूळ आणि चिकट थर ओल्या फडक्याने पुसून फळी कोरडी केल्याशिवाय पट्टी लावली, तर ती दोन दिवसांत सुटते. पट्टी फळीच्या अगदी कडेला लावावी लागते, कारण मध्यभागी लावलेली पट्टी लोंबणाऱ्या उसाने झाकली जाते. बैलगाड्यांना सपाट जागा नसते, म्हणून त्यांच्यासाठी चमकणाऱ्या कापडाचे पट्टे शिवून घेतले आहेत. ते भावजय शिवते.

गेल्या वर्षी बीडकडून आलेला एक तरुण ट्रॅक्टरचालक आमचे काम होईपर्यंत शेजारी उभा होता. हे कशासाठी करता, असे त्याने विचारले, तेव्हा मी सांगितले. तो हात जोडून म्हणाला, “ताई, ह्याच्यासाठीच देवानं तुमच्या भावाला नेलं असेल बघा.” त्याच्या मनात निखळ चांगुलपणा होता आणि त्याला मी त्या क्षणी काहीच बोलले नाही. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य माझ्याबरोबर चालत होते. लाल पट्टीच्या एका गुंडाळीसाठी कोणी मरायची गरज नव्हती. माझा भाऊ असता तर हेच काम त्याने आमच्यापेक्षा नीट केले असते. आम्ही पट्ट्या लावतो त्या तो गेल्यानंतर, तो गेल्यामुळे. त्या लावल्या जाव्यात म्हणून तो गेलेला नाही. या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्यात माझ्या भावाचे आयुष्य मावते, आणि ते अंतर मी कोणालाही पुसू देणार नाही.

तो जन्मला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पाचवीच्या रात्री आईने, बाळाचे नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी, त्याच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवले होते. काय लिहिले ते पाहायला मी सगळ्यांच्या आधी उठले. कागद कोराच होता. आई म्हणाली, तिचे अक्षर आपल्याला दिसत नाही. त्या कागदावर मी नंतर माझी शाळेची वही असल्यासारखी अक्षरे गिरवली आणि मार खाल्ला.

सांत्वनाला आलेल्या सर्वांत मला आजही आठवते ती शेजारची तेलुगू आजी. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी आले तेव्हा घरात कोणाच्या ध्यानातही नव्हते. ती न बोलता आली, तिने आमची पिंपे आणि हंडे भरले, झाकणे ठेवली आणि गेली. ‘तलराता’ हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले आहे, पण त्या दिवशी तिने तो उच्चारला नाही.

संपादक महोदय, आपल्याला माझी विनंती साधी आहे. अशा अपघाताची बातमी देताना काळाने घाला घातला, नियतीने डाव साधला असे कृपया लिहू नये. ट्रॉलीला मागे दिवा होता का, पट्टी होती का, ती किती वेळ रस्त्यात उभी होती, त्या ठिकाणी रस्त्यावर उजेड होता का, ऊस फळीच्या बाहेर किती आला होता, हे वार्ताहराने पोलिसांना विचारावे आणि बातमीत छापावे. गेल्या आठवड्यातल्या बातमीत दोन्ही मुलांची वये होती, गावे होती, त्यांच्या घरच्यांच्या आक्रोशाचे वर्णन होते. ट्रॉलीविषयी मात्र ‘उभ्या’ एवढा एकच शब्द होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर