तारखा नखांना विचारून ठरवा
कौशल्य विकास मंत्र्यांना एका नेल टेक्निशियनचं खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मला मेसेज आला: शनिवारी सकाळी दहा वाजता नेल टेक्निशियनसाठी एक दिवसाचं प्रगत प्रशिक्षण, प्रमाणपत्रासाठी हजेरी आवश्यक. त्या शनिवारी माझ्याकडे सात अपॉइंटमेंट होत्या. सातही जणींना फोन केले. पाच जणींनी समजून घेतलं, दोघी दुसरीकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी मात्र प्रशिक्षणाला गेले, कारण ते कधीतरी व्हावं म्हणून आधी मीच अर्ज केला होता.

दहाचं उद्घाटन सव्वाअकराला झालं. मग भाषणं, सत्कार, फोटो, जेवण. हातात नखं घासायची फाईल आली तेव्हा अडीच वाजले होते. सरावासाठी दोघींत एक मॉडेल आणि चौघींत एक जेल सुकवायचा लॅम्प. अकरा वर्षं हेच काम करतेय, तरी दहा कृत्रिम नखांचा पूर्ण सेट नीट करायला मला दोन तास लागतात. नवीन मुलीला साडेतीन-चार तासही लागतात. पाच वाजता हॉलच्या किल्ल्या घेऊन माणूस दारात उभा राहिला. माझ्या वाट्याची मॉडेल पाच लांब आणि पाच आखूड नखं घेऊन घरी गेली. प्रमाणपत्रं मात्र सकाळीच छापून तयार होती.

भाषणं लांबली, लॅम्प कमी पडले, हे कुठेही होतं. माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. आमच्या कामात तारीख चुकली की प्रशिक्षणच चुकतं. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी थोडं नखांबद्दल सांगावं लागेल.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दिवसाला दशांश मिलिमीटर. कृत्रिम नखासाठी त्यावर जेल किंवा ॲक्रिलिकचा थर लावून तीन आठवडे झाले की मुळाशी दोन मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसू लागते आणि नखाचा तोल पुढे जातो. मधला उंचवटा, ज्याला आम्ही ॲपेक्स म्हणतो, तो आपल्या जागेवरून सरकलेला असतो. अशा वेळी नख कशावर आपटलं तर नुसतं जेल तुटून भागत नाही, कधी कधी खालचं खरं नखही फाटतं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे ती मोकळी पट्टी भरून नख पुन्हा तोलात आणणं. गिऱ्हाईक खुर्चीवरून उठायच्या आधीच पुढची तारीख वहीत लिहिली जाते. त्यामुळे कुठल्याही चालू टेबलावर पुढचे तीन आठवडे भरलेलेच असतात. दोन दिवस आधी कळवलेलं प्रशिक्षण गाठायचं तर कोणाला तरी दिलेला शब्द मोडावा लागतो. तीन आठवडे आधी कळवलं तर जेमतेम जमतं. सहा आठवडे आधी कळवलंत, तर रिफिलच्या दोन फेऱ्या हाताशी राहतात आणि कोणाचंही मन न दुखवता तो दिवस मोकळा करता येतो. आमच्यातल्या बहुतेकींना पगारी रजा नावाची गोष्ट माहीत नाही. टेबल बंद तर त्या दिवसाची कमाई बंद.

मॉडेलचंही तसंच. प्रशिक्षणाला कोरी नखं लागतात. जिच्या नखांवर आधीच जेल आहे तिचं ते काढायचं, काढताना नख पातळ झालं असेल तर त्याला विश्रांती द्यायची, मग ती मॉडेल म्हणून बसू शकते. ऐनवेळी मिळते ती बहिणीची मैत्रीण. नखं कुरतडायची सवय असलेली, आणि तासाभरात उठून जाणारी.

सहा आठवड्यांची मागणी बहुतेक अधिकाऱ्यांना पटते. पुढची मागणी ऐकली की ते पेन खाली ठेवतात. ती अशी, की एका दिवसाचं प्रशिक्षण बंद करून दोन भागांचं घ्यावं, मध्ये तीन आठवडे सोडावेत आणि दोन्ही वेळा मॉडेल तीच असावी.

संध्याकाळी पाच वाजता प्रत्येकीचा सेट सुंदर दिसतो. टॉप कोटची, म्हणजे सगळ्यांत वरच्या थराची, चमक सगळं झाकते. क्युटिकलची, म्हणजे नखाच्या मुळाजवळची, मेलेली कातडी नखावर राहून गेलेली असते, जेल बाजूच्या त्वचेवर उतरलेलं असतं, टोकाची कड बंद केलेली नसते, तरी त्या दिवशी प्रशिक्षकालाही ते चटकन दिसत नाही. दिसतं ते दोन-तीन आठवड्यांनी. मुळाशी जेल सुटायला लागतं, त्याला आम्ही लिफ्टिंग म्हणतो. त्या फटीत पाणी साचतं आणि एखाद्या नखावर हिरवट डाग पडतो. गिऱ्हाईक त्याला बुरशी समजून घाबरतं, खरं तर तो बहुतेक वेळा स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा रंग असतो. कुठल्या चुकीमुळे काय झालं, हे ते नख हातात धरूनच शिकवता येतं. मुळाशी सुटलं असेल तर तयारीत कसर राहिली. टोकाशी सुटलं तर कड बंद केली नाही. मध्ये तडा गेला तर ॲपेक्स चुकला. मी हे माझ्या गिऱ्हाइकांच्या नखांवर शिकले, म्हणजे त्यांच्या खर्चाने. नवीन मुलींनी तसं शिकू नये असं मला वाटतं.

मधल्या तीन आठवड्यांचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत गंभीर वाटतं. जेलमध्ये आणि ॲक्रिलिकच्या लिक्विडमध्ये ॲक्रिलेट वर्गातली रसायनं असतात. त्यांतलं एक हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, बाटलीवर त्याला ‘हेमा’ म्हणतात. पूर्ण न सुकलेलं जेल वारंवार त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दात भरायच्या काही साहित्यांतही याच कुळातली रसायनं असतात, म्हणून ही ॲलर्जी नखांपुरती राहत नाही. शिवाय ती लगेच दिसत नाही. आधीच ॲलर्जी असलेल्या माणसालाही खाज आणि पुरळ यायला दोन-तीन दिवस लागतात. नव्याने जडायला आठवडे, महिने, कधी वर्षं. एका दिवसाच्या वर्गात ‘त्वचेला लावू नका’ एवढं सांगून होतं आणि सगळ्या माना डोलावतात. नायट्राईल नावाच्या रबराच्या पातळ हातमोज्यांतून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात, हे मला काम सुरू केल्यावर चौथ्या वर्षी कळलं. तोवर मी एकच जोडी दिवसभर वापरत होते. काटकसर म्हणून.

दुसऱ्या भागाच्या दिवशी प्रशिक्षकाने आधी विद्यार्थिनींचीच बोटं बघावीत. कोणाची बोटांची टोकं लाल झालीत, कोणाची कातडी भेगाळली आहे, कोणाच्या पापण्यांना खाज सुटते. पापण्यांचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण हात डोळ्यांकडे जातोच. मग प्रत्येकीला विचारावं की तुझा लॅम्प कुठला, जेल कुठल्या कंपनीचं. एकाचं जेल दुसऱ्याच्या लॅम्पखाली वरून कडक लागतं आणि आत कच्चं राहू शकतं. तीन आठवडे स्वतःच्या टेबलावर स्वतःच्या लॅम्पने काम केल्यानंतर या प्रश्नांना खरी उत्तरं येतात.

तारखांचा विषय इथे संपत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘ॲलर्जी होऊ शकते’ अशी सूचना छापणं बंधनकारक केलं. व्यावसायिक म्हणजे कोण? ज्याला शिकवलंय तो. मग शिकवलं कधी आणि किती, यावरच त्या सूचनेला अर्थ येतो. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे टीपीओ हे रसायन सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी आली. लॅम्पच्या प्रकाशात जेल घट्ट व्हावं म्हणून ते घातलं जात असे. प्रजननाला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना झाल्यामुळे ही बंदी आली. उरलेला माल संपवायला वेगळी मुदत नव्हती. तारीख उजाडली आणि कपाटातल्या बाटल्या गिऱ्हाइकांवर वापरता येईनात. एका ठिकाणचे नियम दुसरीकडे लागू नसतात, हे मला कळतं. पण बाटल्या सगळीकडे फिरतात, आणि नाकारलेला माल स्वस्तात कुठे पोचतो ते आम्ही टेबलावरून रोज बघतो. आपल्या खात्याचं वेळापत्रक अशा तारखांशी जोडलेलं असावं. नियम बदलणार असेल तर त्याच्या दोन महिने आधी प्रत्येकीला कळलं पाहिजे की लेबलवर काय वाचायचं. बदल होऊन गेल्यावर घेतलेलं शिबिर म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री वाटणं.

सध्या या सगळ्याची तारीख विकणारे ठरवतात. आमच्याकडे सर्वांत नियमित आणि वेळेवर होणारे वर्ग कंपन्यांचे असतात, कारण त्यांच्याकडे नवा माल येण्याची तारीख असते. वर्ग फुकट, चहा चांगला, आणि शिकवणारी बाई बहुतेक वेळा खरोखर हुशार. पण त्या वर्गात ‘हे जेल वापरू नका’ असं वाक्य कधी ऐकू येत नाही. ते वाक्य तुमच्या खात्याच्या वर्गात यायला हवं. तुमचा वर्ग मात्र आर्थिक वर्ष संपत आलं की उरलेला निधी संपवायला घाईत भरतो, तेही शनिवारी. शनिवार म्हणजे आमचा सुगीचा दिवस! सरकारी कार्यालयाला सुट्टी म्हणून तो सोयीचा असेल, पण आमची टेबलं शुक्रवार ते रविवार भरलेली असतात आणि मंगळवार-बुधवार बऱ्यापैकी रिकामे. सण-समारंभांच्या आधीचे दोन आठवडे तर विचारूच नका. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना सकाळी दहा ते दुपारी तीन जमतं. पाचनंतर त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.

हॉल ठरवतानाही थोडं आम्हाला विचारा, कारण हॉलवरूनच पुष्कळदा तारीख ठरते. प्रत्येक टेबलाला लॅम्प, ई-फाईल (विजेवर चालणारी फाईल) आणि धूळ ओढणारा पंखा मिळून तीन प्लग लागतात. खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. जेल काढायला लागणाऱ्या ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि ॲसिटोन उणे २० अंशांच्या आसपासही पेटू शकेल इतकी वाफ सोडतं. बंद हॉलमध्ये तीस जणी एकाच वेळी जेल काढायला बसल्या की प्रशिक्षण राहतं बाजूला आणि डोकेदुखी सुरू होते. शिवाय एकीची अवजारं दुसरीला देण्याआधी जंतुनाशकात लेबलवर लिहिलेला पूर्ण वेळ बुडवून ठेवावी लागतात. कार्यक्रमपत्रिकेत ती मिनिटं धरलेली मी आजवर पाहिली नाहीत, म्हणून अवजारं पुसून पुढे दिली जातात. स्वच्छतेवरच्या व्याख्यानानंतर लगेच.

आपल्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यांशी मी यावर बोलले. त्यांनी आस्थेने ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोनदा बोलवायचं तर लांबून येणाऱ्यांनी काय करायचं?” प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. मला सुचतं ते एवढंच, की पहिला भाग एकत्र घ्यावा. दुसऱ्या भागासाठी पाच-सहा जणींचे गट करून प्रशिक्षकाने त्यांच्यातल्याच एकीच्या टेबलावर जावं. तीस जणींनी प्रवास करण्यापेक्षा एकीने करावा. तास तेवढेच राहतील, एका लांबलचक दिवसाचे दोन आखूड दिवस होतील. आणि प्रमाणपत्र दुसऱ्या भागानंतर, मॉडेलची नखं बघून द्यावं. त्यात काही जणी नापास होतील. पहिल्या वर्षी मीही झाले असते.

निधी ठरलेल्या मुदतीत खर्च झाला पाहिजे, ही अडचणही त्यांनी सांगितली. त्यावर माझं उत्तर साधं आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या तारखा जाहीर केल्या तर शेवटी घाई करावी लागणार नाही. दर तिमाहीला एक तुकडी आणि वर्षाच्या आरंभी एक छापील पान. ते पान आम्ही टेबलावरच्या काचेखाली ठेवू.

ती पाच लांब नखांची मॉडेल दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. तिचा उरलेला हात मी पूर्ण केला आणि तीन आठवड्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. हॉलमध्ये घाईत केलेल्या हाताची दोन नखं मुळाशी सुटली होती. माझ्याच हातची. फोटो काढून ठेवलाय, प्रशिक्षणाला उपयोगी पडणार असेल तर पाठवते.

आज माझ्या वहीत पुढचे तीन आठवडे भरलेले आहेत. त्यानंतरचे तीन अर्धे. सातव्या आठवड्यापासूनचे मंगळवार अजून कोरे आहेत. त्यांतले कुठले दोन राखून ठेवायचे, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
एक नेल टेक्निशियन